रानातला रातांबा बांधावर आणताना

कोकणात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, आखीवरेखीव बाग ही तशी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन साफ करताना शेतकऱ्याने हे झाड तोडले नाही, म्हणून ते बांधावर आणि घरामागच्या परड्यात टिकले. ज्या झाडाची साल जाड व आंबट, त्याची फळे आमसुलांसाठी घरी येत, फोडल्यावर बिया तिथेच पडत आणि त्यांतली काही रुजत. चांगल्या झाडाची संतती अशी घराजवळ वाढत गेली. हेच काम डोळसपणे करायचे असेल, तर सुरुवात रोपवाटिकेतून न करता आपल्याच वाडीतली झाडे पाहण्यापासून करावी.

एप्रिल-मेमध्ये फळे धरलेली झाडे हेरून त्यांवर खूण करावी आणि निदान तीन हंगाम त्यांची नोंद ठेवावी. एका वर्षीच्या लगडलेल्या फांद्यांवर भुलू नये. माझ्या मते पहिली कसोटी पिकण्याच्या वेळेची आहे, फळाचा आकार त्यानंतर येतो. पाऊस लागल्यावर पिकणारी फळे झाडाखालीच कुजतात आणि सालींना रसाची पुटे देऊन वाळवायला ऊनही उरत नाही, म्हणून मृगाआधी उरकणारे झाड मोलाचे. त्यानंतर सालीची जाडी, आंबटपणा व गडद लाल रंग पाहावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही जातसुद्धा कोकणातल्या झाडांमधूनच निवडलेली आहे.

बियांपासून वाढवायचे असल्यास पूर्ण पिकलेल्या फळाच्या बिया गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेराव्यात, कारण साठवल्यास त्यांची उगवणक्षमता झपाट्याने घटते. खरी अडचण पुढे येते: रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहसा सात-आठ वर्षे, ते कळत नाही. त्यामुळे रोपे दाट लावून पुढे विरळणी करावी लागते. एवढी वर्षे थांबणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निवडलेल्या मादी झाडाच्या काडीचे मृदकाष्ठ कलम करावे, म्हणजे ती काडी कोवळ्या रोपावर बसवावी. काडी मात्र सरळ वर वाढणाऱ्या फांदीचीच घ्यावी. आडव्या फांदीच्या काडीचे कलम जमिनीलगत पसरत राहते आणि त्याला झाडाचा डौल येत नाही.

लागवड पावसाच्या सुरुवातीला, साधारण सहा मीटर अंतरावर करावी व पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात रोपांना सावली आणि पाणी द्यावे.

नर झाड फळ देत नाही म्हणून ते सरसकट तोडण्याची घाई मला फार खटकते. परागीकरणासाठी कलमांच्या बागेतही थोडे नर हवेतच. शिवाय सारी वाडी एकाच झाडाच्या कलमांनी भरली, तर नवी निवड करायला वेगळेपणच शिल्लक राहणार नाही. म्हणून कलमे लावतानाही बांधावरची जुनी रायवळ, म्हणजे बियांपासून वाढलेली, झाडे राखावीत आणि त्यांच्या बियांची पाच-दहा रोपे दरवर्षी कडेला लावत जावीत.