वाचनयादी करताय? मग या चुका टाळा

नेतृत्व, विज्ञान, माध्यमं आणि समाज या चार खणांतलं 'या आठवड्याचं निवडक वाचन' पाठवणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत. कुणी ऑफिसातल्या मंडळींना ईमेल करतं, कुणी वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतं, कुणी ग्रंथालयाच्या फलकावर कागद लावतं. हौस चांगलीच आहे. पण बहुतेक याद्यांत लेखाचा मथळा जसाच्या तसा उतरवलेला, खाली 'जरूर वाचा' आणि एक अंगठा. पाठवणाऱ्याने लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही हे लगेच कळतं, कारण लेखकाने स्वतःच शेवटी आपल्या दाव्याला घातलेली मर्यादा टिपणात कुठेच नसते.

कधीच पडलेला दावा पुन्हा उभा करणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. नेतृत्वाच्या खणात 'पॉवर पोझ' अजूनही येते. कमरेवर हात, पाय फाकवून, छाती पुढे काढून दोन मिनिटं उभं राहा आणि मग बैठकीला जा. शरीरातली रसायनंच बदलतात म्हणे. यामागचा शोधनिबंध २०१० मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. प्रयोगातली माणसं किती? ४२. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढलं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन घटलं, जोखीम घ्यायची तयारी वाढली, असा निष्कर्ष होता. तीन लेखकांपैकी एमी कडी यांनी २०१२ मध्ये 'टेड'च्या मंचावरून त्यावर भाषण केलं आणि दावा जगभर पोहोचला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तसाच प्रयोग केला. बळ आल्यासारखं थोडं वाटतं, एवढंच हाती लागलं. हार्मोन हलले नाहीत, जोखमीच्या निर्णयातही फरक नाही. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही, हे जाहीरपणे लिहून टाकलं.

आता गंमत बघा. हा निबंध मागे घेतलेला नाही. त्यामुळे मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीत शोधून 'सापडला नाही, म्हणजे ठीक' असं म्हणणारे इथे फसतात. मागे घेणं ही शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक चुकीचे दावे तिथवर जातच नाहीत. ते नुसते पुढच्या प्रयोगांत उभे राहत नाहीत, आणि ती बातमी मथळ्यात येत नाही.

माझी पद्धत अशी. लेखात 'संशोधनातून सिद्ध झालं' दिसलं की मूळ निबंधाचं नाव गूगल स्कॉलरमध्ये टाकते. त्याखालच्या 'सायटेड बाय'वर टिचकी मारली की तो निबंध उद्धृत करणाऱ्यांची यादी उघडते. वर 'या निबंधांतच शोधा' अशा अर्थाची चौकट असते, तिच्यावर खूण करून 'रेप्लिकेशन' (तोच प्रयोग पुन्हा करून पाहणं) हा शब्द इंग्रजीत टाकायचा. दहा मिनिटांचं काम आहे. याच वाटेने गेलात तर मार्शमॅलोच्या प्रयोगाचंही (समोरची मिठाई लगेच न खाता थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, असं सांगणाऱ्या) पुढचं समजेल: २०१८ मध्ये सुमारे ९०० मुलांवर तो पुन्हा पाहिला तेव्हा संयम आणि पुढचं यश यांचा संबंध मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरला. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या २०१५ च्या मोठ्या प्रकल्पात जेमतेम ३६ टक्के निकाल टिकले होते. म्हणून प्रयोग एकटाच, माणसं शंभराच्या आत आणि निष्कर्ष ऐकायला गोड, असं तिन्ही जमून आलं की तो लेख माझ्या यादीत येत नाही. कितीही छान लिहिलेला असो.

पाच लेख, उगम एकच

'इतक्या ठिकाणी आलंय, म्हणजे खरं असणार' हा दुसरा हमखास खड्डा. २२ मे २०२० ला 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाचा अभ्यास आला: ६ खंड, ६७१ रुग्णालयं, ९६,००० हून अधिक कोविड रुग्ण. औषधाने मृत्यू वाढतात, असा निष्कर्ष. दोन-तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. तेवढ्यात त्यावर लेखांचा पाऊस पडला, आणि सगळ्यांखाली तोच एक निबंध. शंका कशावरून आली? ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांतले म्हणून जितके मृत्यू त्यात दाखवले होते, तितके त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदलेच गेले नव्हते. रुग्णांची आकडेवारी सर्जिस्फिअर नावाच्या एका कंपनीची होती, आणि ती तपासायला द्यायला कंपनी तयार नव्हती. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. त्याच दिवशी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नेही एक निबंध मागे घेतला. त्याच कंपनीच्या आकडेवारीवर उभा असलेला. नियतकालिकं दोन, दोन्ही नामांकित, पण विहीर एकच.

तेव्हा किती ठिकाणी छापून आलं हे मोजू नका. आकडा कुणी गोळा केला ते बघा. प्रत्येक लेखात 'नुसार' हा शब्द शोधायचा आणि त्याच्या अलीकडचं नाव कागदावर लिहायचं. पाच लेखांत पाचही वेळा तेच नाव आलं तर पाचांतला एकच ठेवा, शक्यतो मूळ कागदाच्या सगळ्यात जवळचा.

माध्यमांच्या खणात ही तपासणी आणखी उपयोगी पडते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत तोच मजकूर शब्दशः, वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, आणि पुढे प्रेस कौन्सिलच्या समितीने 'पेड न्यूज'वर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, अहवाल केला. असा मजकूर आजही ओळखता येतो: लेखातलं जरा वेगळं वाटणारं आठ-दहा शब्दांचं वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य चार साइटींवर निघालं तर ते बहुधा प्रसिद्धिपत्रक आहे. 'प्रायोजित', 'ब्रँड पोस्ट', 'भागीदारीतून' असे शब्द फिक्या अक्षरात लेखाच्या वर किंवा अगदी तळाशी असतात. मोबाइलवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून असे लेख मी संगणकावर उघडून बघते.

प्रसिद्धिपत्रकालाच संशोधन समजणं

२०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने एक अभ्यास छापला. २० ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली, तर ४० टक्क्यांत लोकांना दिलेला सल्ला निबंधापेक्षा चढवलेला होता. म्हणजे अतिशयोक्ती वार्ताहराच्या टेबलावर नव्हे, विद्यापीठातच सुरू होते. उपाय कंटाळवाणा आहे: निबंधातला 'पद्धत' हा भाग उघडा आणि प्रयोग कुणावर, किती जणांवर, किती दिवस, एवढी तीन उत्तरं काढा. 'उंदरांवर' हा शब्द मथळ्यात नसेल तर टिपणात तुम्ही घाला.

प्रीप्रिंटबाबत, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेल्या निबंधाबाबत, घाई तर अजिबात नको. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणारा) असल्याचा दावा प्रीप्रिंटमधून आला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक प्रयोगशाळांना तसं काही आढळलं नाही, आणि त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडने बरंचसं कोडं सोडवलं. तीन आठवडे थांबला असता तर यादीत उलट जास्त चांगला लेख आला असता.

टक्के आधी, माणसं नंतर

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. टिपणात 'इतक्यांपैकी इतके' हे आधी लिहा. मूळ संख्या लेखात कुठेच नसेल तर तो लेख बाजूला.

लेखाची तारीख म्हणजे आकड्याची तारीख नव्हे

समाजाच्या खणात हे फार होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ वर '२०१९-२१' लिहिलेलं असतं. पण महाराष्ट्रातलं घरोघरचं काम पहिल्या टप्प्यात, २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं. उत्तर प्रदेशासारखी राज्यं दुसऱ्या टप्प्यात होती, आणि तिथलं काम २०२१ पर्यंत चाललं. 'कोविडनंतरचा महाराष्ट्र' सांगायला हे आकडे वापरणारा लेख शैलीदार असला तरी पाया चुकलेला. अहवालाच्या प्रस्तावनेतच क्षेत्रकामाच्या तारखा असतात. जनगणनेचा आकडा दिसला की वर्ष बघा. २०११ असेल तर टिपणात तसं लिहा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पहिल्याच आठवड्यात वीस लिंका देऊ नका. पाच पुरेत, आणि त्या पाचांसाठी पंचवीस-तीस लेख उघडावे लागतात.

यंत्राने काढलेल्या सारांशावरून निवड करणाऱ्यांनी यादी न केलेलीच बरी. सारांशात सगळ्यात आधी गळतात त्या लेखकाने घातलेल्या अटी, आणि लेख ठेवायचा की नाही ते त्यांवरूनच ठरतं.

यशस्वी उद्योजक पहाटे चारला उठतो, हे नेतृत्व नव्हे. चारला उठून बुडालेल्यांचा लेख कुणी लिहीत नाही.

त्याच पाच अमेरिकी मासिकांतून सगळं उचलू नका. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघतंय, 'साधना' १९४८ पासून. 'पारी' या संकेतस्थळावरचे ग्रामीण वार्तालेख मराठीत वाचायला मिळतात. इंग्रजी लेखाला पार्श्वभूमी हवी असेल तर मराठी विश्वकोशातली नोंद ऑनलाइन आहे, ती सोबत जोडा.

पैसे भरल्याशिवाय न उघडणारी लिंक देत असाल तर तसं लिहा. शोधनिबंध असेल तर 'अनपेवॉल' या शोधसाधनावर कायदेशीर मोफत प्रत मिळते का बघा. चोरीच्या पीडीएफ गटावर टाकू नका.

लिंकच्या शेवटी 'यूटीएम'ने (utm) सुरू होणारं, वाचक कुठून आला ते मोजणारं शेपूट असेल तर कापा. पण प्रश्नचिन्हापुढचं सरसकट कापू नका. काही सरकारी आणि जुन्या मराठी साइटींवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो, आणि वाचक थेट मुखपृष्ठावर जाऊन पडतो.

लिंका मरतात. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं उघडत नव्हती. यादी पाठवायच्या आधी प्रत्येक पान 'वेबॅक मशीन' या वेबपानांच्या संग्रहात जतन करा आणि तो पत्ता स्वतःच्या तक्त्यात ठेवा.

त्या तक्त्यात माझे सहा रकाने असतात: लेखाचं नाव, मूळ पत्ता, जतन केलेला पत्ता, आकड्याचा उगम, क्षेत्रकामाचं वर्ष, पुन्हा तपासल्याची तारीख. वर्षातून दोनदा जुन्या याद्यांतले विज्ञान आणि नेतृत्वाचे लेख वर सांगितलेल्या दहा मिनिटांच्या तपासणीतून परत काढायचे. एखादा पडलेला निघाला तर दुरुस्ती पुढच्या यादीत सगळ्यात वर, पहिल्या लेखाच्याही आधी, जुन्या यादीच्या तारखेसह.