अतिनील दुर्बिणीचं नियोजन: आधी फोटॉनचा हिशेब

सुमारे 300 नॅनोमीटरखालचा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोहोचत नाही, म्हणून दुर्बीण कक्षेतच न्यावी लागते. नवे विद्यार्थी आरशाच्या व्यासापासून सुरुवात करतात. खरं तर आधी ठरवायचं ते निरीक्षणाचं लक्ष्य: कोणती तरंगलांबी, किती अंधूक स्रोत. मग प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे सगळी घट वजा जाता प्रकाश टिपायला उरणारं क्षेत्रफळ, काढा. 40 सेंमीच्या आरशाचं क्षेत्रफळ 1256 चौसेंमी. समोर बसणाऱ्या आणि काही प्रकाश अडवणाऱ्या दुय्यम आरशाचा व्यास त्याच्या 40 टक्के असेल तर उरतात 1055. दोन्ही आरशांचं परावर्तन 75-75 टक्के, फिल्टरची पारदर्शकता 60 टक्के, डिटेक्टरची कार्यक्षमता 15 टक्के धरली, की हाती राहतात जेमतेम 53.

म्हणूनच आरशावरच्या परावर्तक लेपाबाबत तडजोड नको. ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइड धरतं आणि दूर-अतिनीलमधलं (अतिनीलच्या सर्वांत आखूड तरंगलांबींमधलं) परावर्तन कोसळतं. त्यामुळे त्याच निर्वात कक्षात लगेच मॅग्नेशियम फ्लोराइड चढवतात; ते साधारण 115 नॅनोमीटरपर्यंत साथ देतं. लिथियम फ्लोराइड 102 पर्यंत जातं, पण ओलाव्यानं खराब होतं.

सगळ्यात जास्त काळजी बाष्पांची. गोंद, केबलचं आवरण, रंग यांतून निघणारे हायड्रोकार्बन आरशावर बसतात आणि अतिनील किरणांनी तिथेच घट्ट होतात. काही नॅनोमीटरचा थरही घातक ठरतो, आणि कक्षेत आरसा पुसता येत नाही. प्रत्येक भाग जोडणीपूर्वी निर्वातात तापवून घ्या. आरशासोबत त्याच लेपाच्या छोट्या चकत्या ठेवून दर टप्प्यावर त्यांचं परावर्तन मोजा. कोरडा नायट्रोजन प्रक्षेपणापर्यंत सोडत राहा. 28 सप्टेंबर 2015 ला गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणींची झाकणं, बाष्पं आधी निघून जावीत म्हणून, नोव्हेंबरअखेर उघडली. वेळापत्रकात अशी सवड आधीच धरा.

फिल्टरमधून दृश्य प्रकाश गळतो का, हेही तपासा. थंड ताऱ्यांचा दृश्य प्रकाश अतिनीलच्या कैक पट असल्यानं किंचित गळतीही मोजमाप बिघडवते. दूर-अतिनीलसाठी सिझियम आयोडाइडचा फोटोकॅथोड (प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणारा थर) घेतला तर तो दृश्य प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो. पण तेजस्वी तारा क्षेत्रात आला तर त्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारी डिटेक्टरमधली मायक्रोचॅनल प्लेट कायमची दुखावते. प्रत्येक निरीक्षणाआधी ताऱ्यांची सूची तपासणं आणि उच्च विद्युतदाब आपोआप बंद होण्याची सोय, दोन्ही हवंच.

650 किमी उंचीवर एक फेरी सुमारे 98 मिनिटांची. भूकोरोनाच्या, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या विरळ वायूच्या चकाकीच्या, 121.6 आणि 130.4 नॅनोमीटरच्या रेषांमुळे दूर-अतिनीलमधली अंधूक लक्ष्यं रात्रीच्या बाजूलाच घ्यावीत. दक्षिण अटलांटिक विसंगतीत, म्हणजे भारित कणांचा मारा जास्त असलेल्या पट्ट्यात, डिटेक्टर थांबवावा लागतो. ॲस्ट्रोसॅटची विषुववृत्ताशी 6 अंश कललेली कक्षा यासाठीच सोयीची.

गॅलेक्स या नासाच्या अतिनील दुर्बिणीचा दूर-अतिनील डिटेक्टर 2009 मध्ये, तर ॲस्ट्रोसॅटचा निकट-अतिनील 2018 मध्ये बंद पडला. प्रत्येक वाहिनीचा (दूर आणि निकट-अतिनील) वीजपुरवठा वेगळा ठेवा, आणि दोन्ही वाहिन्या एकाच वेळी लागणारी निरीक्षणं पहिल्या वर्षातच उरका.