होमस्कूलिंग सुरू करताय? ख्रिस्ती घरांनी या चुका टाळा

आमच्या मंडळीत दरवर्षी मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर, संपलं की एखादं तरी जोडपं विचारतंच, मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं म्हणतोय, कसं सुरू करू? उत्साह भरपूर असतो, प्रार्थना झालेली असते, परदेशातल्या ख्रिस्ती आयांचे व्हिडिओ रात्र रात्र बघून झालेले असतात. जून बरा जातो आणि गणपती येईपर्यंत आई रडकुंडीला आलेली असते. मुलं बिचारी तीच असतात, घोळ दुसरीकडेच झालेला असतो.

कागदांकडे दुर्लक्ष

आपल्याकडे होमस्कूलिंगसाठी वेगळा परवाना असा नाही आणि सरळ बंदीही नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो, घरी शिकणाऱ्यांबद्दल त्यात धड काही नाही, म्हणून लोक दोन टोकांना जातात, कोणी उगाच घाबरतं तर कोणी म्हणतं प्रभूने मार्ग दाखवलाय मग कागद कशाला. कागद लागतात हो! पुढे स्टेट बोर्डाची दहावी बाहेरून द्यायची तर 17 नंबर फॉर्म भरावा लागतो आणि तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तो काढलात की झेरॉक्स करून मूळ प्रत जपून ठेवा. नावं पण आत्ताच तपासा, कारण आपल्यात बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि घरात हाक मारायला तिसरंच नाव असतं.

दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. दहावीला बसायला 14 पूर्ण लागतात, किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा, आणि पाच वर्षांत मिळून नऊ वेळा परीक्षेला बसता येतं म्हणजे एखादा विषय राहिला तरी आभाळ कोसळत नाही. आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा प्रायव्हेट कँडिडेट म्हणूनही देता येते पण फी ऐकून बसा. यातलं काय करायचं ते पहिलीतल्या मुलासाठी आज ठरवायची गरज नाही, पाचवी-सहावीच्या वयाला मात्र डोळ्यासमोर असू दे.

पहिल्याच महिन्यात परदेशी सेट मागवणं

अबेका, एसीई, सोनलाइट ही नावं कानावर पडतात आणि वाटतं ख्रिस्ती अभ्यासक्रम आहे, डोळे झाकून घ्यावा. पुस्तकं छान असतात, खोटं कशाला बोलू. पण ती अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत, त्यामुळे गणितात डाइम आणि क्वार्टर ही त्यांची नाणी, मापं इंच-पाउंडात, इतिहासात त्यांचे यात्रेकरू आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष. पोरगं डाइम मोजायला शिकतं आणि खाली भाजीवाल्याने पन्नासातून बत्तीस कापले की किती परत येणार ते सांगता येत नाही. त्यात डॉलरचा भाव, शिपिंग, कस्टम. आधी बालभारतीची पुस्तकं घ्या, ती स्वस्त आहेत आणि ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. परदेशी सेटमधलं एखादं वाचनाचं पुस्तक वरून घ्या हवं तर. ख्रिस्ती आदर्श हवे असतील तर पंडिता रमाबाई घ्या ना! 1858 चा जन्म, आईवडिलांनीच संस्कृत शिकवलं तेही तीर्थयात्रा करत फिरताना, पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन आणि बायबलचं मराठी भाषांतर. इतकं मोठं उदाहरण घरात असताना आपण साता समुद्रापार कशाला शोधतो कळत नाही.

वन रूम किचनमध्ये आठ तासिका

सकाळी आठला घंटा, मग प्रार्थना, मग इंग्रजी, मग गणित असं एक वाजेपर्यंत. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे आजोबांचा टीव्ही, धाकटं पायात. शाळेत चाळीस मुलांमागे जो वेळ जातो तो तुमच्याकडे जात नाही, सहा-सात वर्षांच्या मुलाला दीड-दोन तास नीट बसवलंत तरी खूप झालं. शार्लट मेसन नावाच्या इंग्लिश बाई होत्या, 1842 ते 1923, श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांचा भर छोट्या धड्यांवर आणि मुलाने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगण्यावर. हे करायला पैसे लागत नाहीत. येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातलं ती गोष्ट वाचा, पुस्तक मिटा, म्हणा आता तू सांग. एका मुलाने सगळी सांगितली आणि वर विचारलं, मासे बांगडे होते का, आणि उरलेल्या बारा टोपल्या उचलून नेल्या कोणी? त्याला कळलंय की नाही ते तपासायला वर्कशीट लागत नाही.

बायबलचे मार्क

मला विचाराल तर सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. संध्याकाळची कुटुंबप्रार्थना आणि दिवसाचा अभ्यास एकात एक मिसळतो, आई शिक्षिका, आईच पाळक, आणि गणितात चुकलं की आज्ञाधारकपणावरचं वचन तोंडावर. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र 23 पाठ केलं की स्टार, अडखळलं की परत म्हण. मग मुलाला मेंढपाळ आठवत नाही, स्टिकर आठवतो. वचन पाठ जरूर करून घ्या पण त्याची वही तपासू नका, शिक्षा म्हणून तर कधीच लिहून घेऊ नका. गणिताचा राग गणितापाशी ठेवा. प्रार्थनेच्या वेळी अभ्यासाचा विषय काढायचा नाही असा घरात नियमच करा, आणि ती वेळ बाबांना घेऊ द्या, विरार लोकलमधून लोंबकळत आले तरी दहा मिनिटं गीत म्हणायला जमतं. नाहीतर आईचा आवाज सकाळपासून रात्रीपर्यंत मास्तरांचाच राहतो.

मित्रांचं विचाराल तर संडे स्कूल पुरत नाही. आठवड्यातून एक सकाळ म्हणजे काहीच नाही, आणि तिथे सगळी आपल्यासारखीच. सोसायटीत क्रिकेट, जवळ फुटबॉल कोचिंग, काहीही चालेल. वीकडेला वरळीचं नेहरू सायन्स सेंटर मोकळं मिळतं हा या सगळ्या प्रकारातला मोठा फायदा आहे, वापरा. भायखळ्याची राणीबाग बुधवारी बंद असते तेवढं लक्षात ठेवा.

आणि नाहीच जमलं तर? मुलाला परत शाळेत घालायला लाजू नका, चर्चमधले चार लोक काय बोलायचं ते बोलतील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे शाळेत नसलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश देता येतो, पण हवी ती शाळा मिळेलच असं नाही, चांगल्या कॉन्व्हेंटमधली सोडलेली सीट कोणी राखून ठेवत नाही. मुंबईत बऱ्याच शाळांचे फॉर्म जूनच्या कितीतरी आधी निघतात, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत नवराबायकोने बसून ठरवा चालू ठेवायचं की नाही, मुलालाही विचारा, आणि वर्षभराच्या वह्या-चित्रं एका फाइलमध्ये तारीख टाकून लावून ठेवा, प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांना दाखवायला हातात काहीतरी असतं.