गोदामात काम करता करता ब्लॅक बेल्ट कसा मिळवावा

लीन सिक्स सिग्मा म्हणजे कामातल्या चुका आणि वाया जाणारे श्रम मोजून कमी करण्याची पद्धत; ग्रीन बेल्ट ही तिची आधीची पायरी, ब्लॅक बेल्ट ही वरची. ग्रीन बेल्ट झालेला आहे आणि या पद्धतीचे टप्पे तोंडपाठ आहेत, असे धरून लिहितो.

प्रकल्प न मागता ब्लॅक बेल्ट देणाऱ्या कोर्सकडे फिरकू नका. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी पूर्ण केलेले दोन प्रकल्प मागते, किंवा एक प्रकल्प आणि 3 वर्षांचा अनुभव. मागणी रास्त आहे.

विषय लहान घ्या. ‘डिस्पॅच सुधारणे’ हा विषय नव्हे; ‘एका झोनमधल्या पिकिंगच्या (ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढण्याच्या) चुका’ हा विषय.

आता मोजमाप. बहुतेक जण हा टप्पा उरकून टाकतात. माझा पहिला प्रकल्प इथेच फसला. महिनाभर चुका नोंदवल्या, तर रात्रपाळीच्या चुका दिवसपाळीच्या निम्म्याच. रात्रपाळीला काय चांगले जमते ते शोधण्यात माझे कित्येक आठवडे गेले. शेवटी एका रात्री पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. चुकीचा डबा आला की तिथला मुलगा तो बाजूला ठेवायचा, रॅकवरून बरोबरचा आणायचा आणि टेप मारून मोकळा व्हायचा. वहीत नोंद नाही. विचारले तर म्हणाला, “माल बरोबरच गेला ना, साहेब?” दिवसपाळीत हीच गोष्ट चूक म्हणून लिहिली जात होती.

म्हणून आधी ‘चूक’ म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा: टोटमधला (काढलेला माल ठेवायच्या पेटीतला) माल पिकलिस्टशी, म्हणजे काढायच्या मालाच्या यादीशी, जुळला नाही की चूक, मग ती पुढे कोणी दुरुस्त केली तरी. बिनमध्ये, म्हणजे रॅकवरच्या खणात, मालच नव्हता, तर ती नोंद वेगळी.

मग तपासणाऱ्यांची परीक्षा घ्या. 30 टोट तयार करा; काही बरोबर, काही चुकीचे आणि काही मुद्दाम संभ्रमात टाकणारे, म्हणजे एक नग कमी किंवा नुसता रंग वेगळा. तिघांकडून प्रत्येकी दोनदा तपासून घ्या, दुसऱ्या वेळी क्रम बदलून. कप्पा (kappa), म्हणजे तपासणाऱ्यांचे निकाल किती जुळतात ते दाखवणारा आकडा, 0.7 च्या खाली आला तर विश्लेषणाला हात लावू नका. व्याख्या सुधारा, माणसांना पुन्हा शिकवा, पुन्हा मोजा. 0.9 च्या वर असेल तर निश्चिंत पुढे जा.

आणखी एक इशारा. पिकलिस्टच्या 1,000 ओळींत 12 चुका म्हणजे दर दहा लाखांमागे 12,000. पण प्रत्येक ओळीत वस्तू, संख्या, बॅच, लेबल अशा चुकीच्या चार संधी धरल्या की तोच आकडा 3,000 होतो. गोदामात काडीचीही सुधारणा न होता सिग्मा पातळी (जितकी जास्त तितक्या चुका कमी) साधारण 3.8 वरून 4.2 च्या पुढे जाते. असा सल्ला देणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत; त्यांचे ऐकू नका. एक ओळ, एक संधी.

आकडे खरे असले की पॅरेटो, म्हणजे सर्वाधिक चुकांपासून उतरत्या क्रमाने लावलेला आलेख, काढा आणि कारणे जागेवर जाऊन पडताळा. उपाय आधी एकाच झोनमध्ये लावा, मग नियंत्रण तक्ता, म्हणजे चुका ठरावीक मर्यादेत राहतात का ते दाखवणारा आलेख, सुरू करा.

सोसायटीच्या ब्लॅक बेल्ट परीक्षेत 165 प्रश्न असतात, त्यातले 150 गुणांचे. पुस्तक जवळ ठेवता येते, त्यामुळे सूत्रे पाठ करण्यापेक्षा कोणती सांख्यिकी चाचणी कधी लावायची याचा सराव करा.