शोडाऊनला जिंकलेला पॉट हातातून घालवायचा नसेल तर या चुका टाळा

ऑनलाईन पोकर खेळून खेळून माणूस पहिल्यांदा खऱ्या टेबलवर टुर्नामेंटला बसतो, रिव्हर म्हणजे शेवटचा सामाईक पत्ता येतो, कॉल होतो म्हणजे कुणीतरी समोरच्याच्या बेटएवढ्या चिप्स टाकतो, आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. आता काय करायचं, कुणी दाखवायचं? ऑनलाईनला सॉफ्टवेअरच पत्ते उघडतं, तेच बेस्ट हँड (पाच पत्त्यांचा सगळ्यात भारी संच) शोधतं, तेच चिप्स सरकवतं, त्यामुळे शोडाऊनचे, म्हणजे शेवटी पत्ते उघडून जिंकणारा ठरवायचे, नियम माहीत नसले तरी कुणाचं काही अडत नाही. इथे अडतं. मी खाली जे लिहितोय ते टीडीए म्हणजे पोकर टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांना धरून, ही संस्था 2001 पासून आहे आणि बऱ्याच ठिकाणच्या टुर्नामेंट त्यांचेच नियम थोडेफार बदलून वापरतात, म्हणून बसायच्या आधी फ्लोअरला (टुर्नामेंटच्या अधिकाऱ्याला) एकदा विचारून घेतलेलं बरं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: तोंडाने सांगणं आणि ऐकून पत्ते टाकणं

शोडाऊनला बोलण्याला किंमत शून्य. टेबलवर सरळ उघडलेले पत्ते काय आहेत तेवढंच धरतात. समोरच्याने "स्ट्रेट" (सलग पाच पत्ते) म्हटलं आणि तुम्ही तुमची टू पेअर (दोन जोड्या) वैतागून पालथी फेकली, डीलरने ती मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) ढकलली, आणि मग त्याने पत्ते उघडले तर स्ट्रेटला एक पत्ता कमीच होता! हे माझ्याबरोबर झालंय. तो बिचारा खरंच चुकला होता की मुद्दाम बोलला ते मला आजही कळलेलं नाही. मुद्दाम खोटी हँड सांगितली तर पेनल्टी लागू शकते, पण माझे पत्ते मकमधून कोण शोधून काढणार, पॉट, म्हणजे टेबलवर जमलेल्या चिप्स, गेला तो गेलाच. तेव्हापासून समोरचे पत्ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी माझे सोडत नाही, मग तो कितीही शपथेवर सांगू दे.

याची उलटी बाजू म्हणजे स्वतःची हँड स्वतःच चुकीची वाचणं. समजा बोर्डवर (टेबलच्या मधल्या पाच सामाईक पत्त्यांत) राजा, 8, 7, 5, 4 आहेत आणि तुमच्याकडे राजा आणि 6. तुमचं सगळं लक्ष राजांच्या पेअरवर, समोरचा 8-7 म्हणजे टू पेअर दाखवतो, तुम्ही म्हणता गेली आपली पेअर आणि पत्ते टाकता. अरे पण 4-5-6-7-8 स्ट्रेट होती ना! तेच पत्ते उघडून ठेवले असते तर तुम्हाला दिसलं नसतं तरी डीलरला दिसलं असतं, आणि नीट उघडलेली, उघड उघड जिंकणारी हँड डीलरला बाद करताच येत नाही. म्हणून डाऊट असेल तर उघडा. प्रतिस्पर्ध्याला तुमचा खेळ कळेल वगैरे भीती असते लोकांना, पण त्यापायी अख्खा पॉट सोडून देणं मला तरी पटत नाही.

एकच पत्ता दाखवणं

एक्का टेबलवर आपटायचा, दुसरा पत्ता हातात धरून हिरोसारखं बसायचं. चालत नाही. होल्डेम या पोकरच्या प्रकारात दोन्ही आणि ओमाहा या प्रकारात चारही पत्ते, सरळ, डीलरला नीट वाचता येतील असे ठेवायचे. डीलर सांगेल की सगळे उघडा, तरी ऐकलं नाही तर फ्लोअरला बोलावतील. हवेत धरून पटकन चमकवून परत घेणं हेही उघडणं नाही.

यातच एक छुपी चूक आहे. बोर्डवरच 5-6-7-8-9 पडली, तुमच्याकडे 2-2, तुम्ही "बोर्ड खेळतोय" (बोर्डचे पाच पत्तेच माझी हँड) म्हणून पत्ते पालथे टाकता आणि वाटणीची वाट बघता. वाटणी मिळणार नाही. बोर्ड खेळायचा असला तरी पॉटमधला हिस्सा हवा तर स्वतःचे सगळे पत्ते उघडावेच लागतात.

आणि समजा पत्ते पालथे टाकलेच, तर लगेच सगळं संपलं असंही नाही. पत्ते तुमचेच आहेत हे शंभर टक्के ओळखता येत असेल आणि ते परत उचलता येत असतील तर विचार बदलून उघडता येतात, डीलरने मकमध्ये मिसळले की मात्र खेळ खल्लास. डीलरने चुकून ओढून घेतले तरी बहुतेक वेळा तुमचाच तोटा, कारण पत्ते सांभाळायची जबाबदारी तुमची, आणि कॉल केलेल्या चिप्सही परत मिळत नाहीत. पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत पत्ते सोडू नका.

आधी कोण दाखवणार यावरून भांडण

"तू दाखव." "नाही, तू आधी." यात अख्खा ब्लाइंड लेव्हल (सक्तीच्या बेटचा एक ठरावीक वेळेचा टप्पा) जातो कधीकधी. नियम सोपा आहे, रिव्हरवर ज्याने शेवटची बेट किंवा रेज (बेट वाढवणं) केली त्याने आधी. रिव्हरवर. टर्नवर (रिव्हरच्या आधीच्या पत्त्यावर) कुणी किती बेट मारलं होतं ते इथे धरायचं नाही, लोक हमखास तिथेच चुकतात. रिव्हरला सगळ्यांनी चेक केलं (बेट न करता पुढे गेले) असेल तर बटनच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडचा जो पहिला खेळाडू हँडमध्ये आहे तो आधी. आणि तुमच्याकडे नट्स (त्या बोर्डवर शक्य असलेली सगळ्यात भारी हँड) असतील तर क्रम बिम न बघता उघडून टाका हो, मुद्दाम रेंगाळून समोरच्याला आशा लावणाऱ्याला टेबलवर कुणी मान देत नाही. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले आणि तुमचेच उरले तर न दाखवताही पॉट तुमचा, फक्त हे ऑल-इन (कुणीतरी सगळ्या चिप्स लावलेल्या) नसताना.

ऑल-इनला गंमत वेगळी

कॅश गेमची (थेट पैशांवरच्या खेळाची) सवय असलेले इथे फसतात. टुर्नामेंटमध्ये कुणी ऑल-इन असेल आणि बाकीच्यांचं बेटिंग पूर्ण संपलं असेल तर सगळ्यांचे पत्ते लगेच उघडायचे, मेन पॉटवाले आणि साईड पॉटवाले (ऑल-इन खेळाडूचा हिस्सा नसलेल्या वेगळ्या पॉटसाठी खेळणारे) दोन्ही. हरलोय असं वाटलं म्हणून गुपचूप टाकायला परवानगी नाही. कारण उघड आहे, दोन मित्र ठरवून एकमेकांना चिप्स देत असतील तर पत्ते बघितल्याशिवाय ते पकडणार कसं?

पण घाई पण नको. तुम्ही ऑल-इन आहात आणि दुसरे दोघं साईड पॉटसाठी अजून बेट करतायत, तर थांबा. तुमचे पत्ते उघडे पडले की त्यांच्या निर्णयावर परिणाम होतो, आणि पेनल्टी तुम्हाला.

"दाखव ना काय होतं"

रिव्हरवर बेट आली, तुम्ही कॉल केलंत, तर बेट करणाऱ्याचे पत्ते बघायचा तुमचा हक्क आहे, त्यासाठी चिप्स दिल्यात. अट एवढीच की तुमचे पत्ते तुमच्याकडे हवेत किंवा उघडलेले हवेत. आधी रागाने फेकून मग "दाखव" म्हणालात तर तो हक्क गेला. बाकी कुणाचे बघायचे असतील तर ते टुर्नामेंट डायरेक्टरच्या मर्जीवर, आणि दर हँडला मागत बसलात तर तो ऐकणार नाही.

उघडलेले पत्ते वाचताना चूक होतेय असं दिसलं तर हँडमध्ये नसलात तरी बोला, ते अपेक्षितच आहे. पण ज्याने अजून उघडले नाहीत त्याला "अरे थांब, टाकू नको" म्हणणं म्हणजे त्याचा हात तुम्ही खेळणं, ते चालत नाही.

आणि पॉट चुकीच्या माणसाकडे गेला असं वाटलं तर तिथल्या तिथे "थांबा, फ्लोअर" म्हणा. डीलरने पुढच्या हँडसाठी पत्ते पिसायला सुरुवात केली किंवा मशीनचं बटन दाबलं की नवी हँड सुरू झाली असं धरतात, आणि मागच्या हँडबद्दल तक्रार करायची मुदत तिथेच संपते.