शाळेत हजेरीचं कार्ड मशीन बसवताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या शाळांमध्ये ही मशिनं मी बसवतो. जून उजाडला की त्याच तक्रारींचे फोन सुरू होतात.

सगळ्यात महाग पडतो तो घड्याळाचा सेल. मशीनच्या आत नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. अक्कलकोट रोडकडच्या एका शाळेत तो संपलेला होता. रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि मशीनची तारीख झाली १ जानेवारी २०००. सकाळी मुलांनी कार्डं टेकवली, बीप वाजला, हिरवा दिवा लागला. नोंदी सगळ्या त्या जुन्या तारखेवर. सॉफ्टवेअरला आजची एकही नोंद दिसेना, म्हणून अकराच्या ठोक्याला घरोघर मेसेज गेले: आपला पाल्य आज गैरहजर आहे. मी पोचलो तेव्हा विड्या वळणाऱ्या एक बाई फाटकाशी उभ्या होत्या, बोटांना तंबाखूची भुकटी तशीच. "सकाळी मीच सोडले की हो पोरीला!" पोरगी व्हरांड्यात दिसेपर्यंत त्यांनी फाटकाची सळई सोडली नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी सेल बदलतोच, जुना चालत असला तरी, आणि नव्यावर मार्करनं महिना लिहितो. मग मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवून घड्याळ तपासतो. वर्गशिक्षकांनी वर्ग डोळ्यांनी बघितल्याशिवाय गैरहजेरीचा मेसेज सोडू नका. "आपोआप जाऊ दे, वेळ वाचतो" म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

दुसरं, मशीन लोखंडी फाटकावर किंवा कपाटावर ठोकू नका. कार्डात सेल नसतो. मशीनच्या चुंबकीय क्षेत्रावरच ते चालतं आणि लोखंड ते क्षेत्र खाऊन टाकतं. मग मुलं कार्ड घासत बसतात, रांग मैदानापर्यंत जाते. मी मागे इंचभर जाड लाकडी फळी लावतो.

दोरी ओवायला कार्डाला भोक पाडू नका, आतली तार तुटते. पश्चिमेची भिंत नको. इथलं ऊन चाळिशी पार करतं. मशीन ओळखतं ते कार्डाला, मुलाला नाही, म्हणून मशीनपाशी माणूस हवाच.

आणि एक्सेल. कार्ड नंबरच्या सुरुवातीची शून्यं तो गिळतो, मग नंबर जुळत नाहीत. रकाना आधी टेक्स्ट करा. या कामातल्या नव्या पोरांना पाचशे कार्डं एका दुपारीत उरकायची घाई असते. आधी दहाच नोंदवा, टेकवून बघा, नावं जुळली की अकरावं हातात घ्या.