टाचदुखी महिनोन्‌महिने जात नसेल तर काय करावं, कोणत्या क्रमाने

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येते, चालल्यावर ती थोडी कमी होते, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. असं असेल तर बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावलेला असतो. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं दिसलं तरी घाबरू नका. टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ लोकांतही तो वाढलेल्या हाडाचा काटा सापडतो.

आधी घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा. जाड, मऊ तळाची चप्पल पलंगाशीच ठेवा, म्हणजे पहिलं पाऊल तिच्यातच पडेल. ओट्याशी उभं राहतानाही ती पायात हवी.

उठण्याआधी बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा. ताठ दोरी हाताला लागली तरच ताण बरोबर बसलाय. १० सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३ दा.

खरी मेहनत पायरीवर आहे. पंचाची गुंडाळी पायरीच्या काठावर ठेवून तिच्यावर बोटं टेकवा, म्हणजे ती वर वळलेली राहतील. टाच अधांतरी. कठडा धरून एका पायावर ३ सेकंदांत वर जा, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली या. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांनी सुरुवात करा. १२ वेळांचे ३ सेट, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन १० चे ४, आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ चे ५. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर वजन उतरवा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात नुसत्या ताणापेक्षा या व्यायामाचा जास्त गुण दिसला, तो ३ महिन्यांनी.

तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकल्याने बरं वाटतं. मात्र मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर हे करूच नका. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

तीन-चार महिने नेटाने करूनही फरक नसेल तर डॉक्टरांशी शॉकवेव्ह उपचाराबद्दल (यंत्राने बाहेरून टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देणं) बोला. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, म्हणून ते वारंवार घेऊ नये. ऑपरेशनचा विचार सहा महिने ते वर्षभर बाकी सगळं करून झाल्यावरच.

तळव्याला मुंग्या येत असतील, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव कळवळत असेल, किंवा ताप असेल, तर यातलं काही न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा.